ह्यूस्टनचे एकशे ऐंशी गुडघे

विज्ञानविषयक लेखांतून आणि भाषणांतून एक गोष्ट वारंवार सांगितली जाते. अमेरिकेतल्या एका सर्जनने काही रुग्णांच्या गुडघ्यांवर खरी शस्त्रक्रिया केली आणि काहींच्या गुडघ्यांवर नुसते छेद देऊन शस्त्रक्रियेचे नाटक केले. नाटकातले रुग्णही खऱ्यांइतकेच बरे झाले. मग सांगणारा तात्पर्य काढतो : पाहा, मनाची शक्ती केवढी अफाट आहे! ऐकणारे माना डोलावतात, आणि दुसऱ्या दिवशी ही गोष्ट एखाद्या वर्गातही पोहोचते.

गोष्टीचा पहिला भाग खरा आहे. ‘बरे झाले’ हे शब्द मात्र सैल आहेत, आणि तात्पर्य तर मूळ संशोधनातून निघतच नाही. हे संशोधन २००२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ब्रूस मोस्ली हे त्याचे पहिले लेखक. नेल्डा रे आणि इतर त्यांचे सहकारी. आठ पानांचा हा निबंध आम्ही शिक्षकांच्या दृष्टीने पुन्हा वाचून पाहिला. त्यात काय भक्कम आहे, काय कच्चे आहे आणि सांगताना काय गळून पडते, ते येथे मांडतो.

प्रथम गुडघ्याविषयी थोडे. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड जेथे भेटतात तेथे दोन्हींच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचे अस्तर असते. वय, वजन, जुनी दुखापत, आनुवंशिकता अशा अनेक कारणांनी ते झिजते, खरबरीत होते. आपल्याकडे याला सरसकट ‘संधिवात’ म्हणतात किंवा ‘गुडघ्यातले वंगण संपले’ असे म्हणतात. वंगण संपत नाही. कित्येकदा उलट सांध्यात पाणी जास्त होऊन गुडघा सुजतो. असो. अशा गुडघ्यात पेन्सिलीएवढ्या जाडीची नळी घालून, आत दुर्बिणीने पाहून, सांधा सलाईनने धुवायचा किंवा धुण्याबरोबर खरबरीत झालेली कूर्चा खरवडून साफ करायची, ही शस्त्रक्रिया विसाव्या शतकाच्या अखेरीस अतिशय लोकप्रिय झाली. मोस्ली यांच्या निबंधात दिलेल्या आकड्यांनुसार अमेरिकेत अशा शस्त्रक्रिया वर्षाला साडेसहा लाखांहून अधिक होत आणि प्रत्येकीला सुमारे ५,००० डॉलर खर्च येई. गुणाकार करून पाहा : वर्षाला सव्वातीन अब्ज डॉलर.

या शस्त्रक्रियेचा उपयोग होतो हे कशावरून ठरले होते? ज्यांची शस्त्रक्रिया झाली त्यांना नंतर विचारले गेले आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक लोकांनी ‘दुखणे कमी झाले’ असे सांगितले, यावरून. कूर्चा धुतल्याने किंवा खरवडल्याने झीज कशी थांबावी याचे समाधानकारक उत्तर कोणाकडे नव्हते. पण रुग्ण समाधानी, सर्जन समाधानी. मग प्रश्न विचारायचा कोणी?

तो विचारण्याची रीत मात्र जुनी होती. १९५९ साली सिएटल येथे लेनर्ड कॉब आणि सहकाऱ्यांनी हृदयविकारातल्या छातीदुखीवरची त्या काळची एक शस्त्रक्रिया तपासली. छातीतली एक धमनी बांधून टाकली की हृदयाकडे जास्त रक्त वळते, अशी त्यामागची कल्पना. सतरा रुग्णांपैकी आठ जणांची धमनी बांधली, नऊ जणांच्या कातडीला फक्त छेद दिला. दोन्ही गटांत फरक दिसला नाही आणि ती शस्त्रक्रिया लवकरच मागे पडली. विज्ञान म्हणून हे उत्तम झाले. पण आपल्याला कदाचित नुसताच छेद मिळेल, हे त्या सतरा जणांना सांगितलेले नव्हते. ही गोष्ट लक्षात ठेवून ह्यूस्टनकडे वळू.

मोस्ली ह्यूस्टनच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात काम करत. आधी त्यांनी दहा रुग्णांवर छोटी चाचणी घेतली. ती १९९६ साली प्रसिद्ध झाली. मोठ्या चाचणीसाठी १९९५ ते १९९८ या काळात १८० रुग्ण घेतले. त्यांचे तीन गट : एकात सांधा धुवायचा, दुसऱ्यात धुवून खरवडायचा, तिसऱ्यात लटकी शस्त्रक्रिया. कोणता रुग्ण कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे निव्वळ योगायोगाने ठरे आणि ते बंद पाकिटात असे. रुग्ण शस्त्रक्रियागृहात आल्यावरच पाकीट उघडले जाई. सर्व शस्त्रक्रिया एकाच सर्जनने, म्हणजे मोस्ली यांनीच केल्या.

लटकी शस्त्रक्रिया वाचताना प्रयोगाच्या आखणीचे कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही. गुडघ्यावर एकेक सेंटिमीटरचे तीन छेद दिले जात. सर्जन नेहमीसारखी हत्यारे मागून घेई, गुडघा वाकवी, वळवी. सांधा धुतल्याचा आवाज यावा म्हणून सलाईन शिंपडले जाई. आत मात्र काहीही घातले जात नसे. खऱ्या शस्त्रक्रियेला लागेल तेवढाच वेळ रुग्णाला टेबलावर ठेवत. रात्र रुग्णालयातच काढायची, आणि तेथील परिचारिकांनाही रुग्ण कोणत्या गटातला हे ठाऊक नसे. पुढे दोन वर्षे ज्यांनी दुखणे आणि हालचाल मोजली त्यांनाही ते ठाऊक नव्हते.

आता निकाल. दुखण्याची मोजपट्टी शून्य ते शंभर अशी होती. आकडा मोठा तर दुखणे जास्त. दोन वर्षांनी लटक्या गटाची सरासरी ५१.६, धुतलेल्यांची ५३.७ आणि खरवडलेल्यांची ५१.४. म्हणजे फरक नाही. वर्षानेही नव्हता. याशिवाय तीस मीटर चालणे आणि एक जिना चढून उतरणे याला किती सेकंद लागतात, हेही घड्याळ लावून पाहिले होते. त्यात दोन आठवड्यांनी खरवडलेल्यांना सरासरी ५६ सेकंद लागले, लटक्या गटाला ४८.३. वर्षानंतरही खरवडलेला गटच मागे होता. दोन वर्षांच्या काळात एकाही वेळी, एकाही मोजपट्टीवर खरी शस्त्रक्रिया लटकीपेक्षा सरस ठरली नाही. १८० पैकी १६५ जण शेवटपर्यंत टिकले, हेही अशा दीर्घ चाचणीत कमी नाही.

येथपर्यंत निबंध भक्कम आहे. कच्च्या जागाही आहेत आणि त्या झाकण्याचे कारण नाही. रुग्ण माजी सैनिकांच्या रुग्णालयातले, त्यामुळे जवळजवळ सगळे पुरुष. गुडघ्याची झीज उतारवयात स्त्रियांत अधिक आढळते. त्यांच्याविषयी ही चाचणी थेट काही सांगत नाही. सर्जन एकच होता. त्यामुळे कौशल्यातला फरक आड आला नाही हे चांगले. पण ‘त्यांचा हात बसला नसेल, आमचा बसतो’ असे म्हणायला इतर सर्जनांना वाव राहिला, आणि त्यांनी तो घेतला. (मोस्ली हे ह्यूस्टनच्या व्यावसायिक बास्केटबॉल संघाचे डॉक्टर होते, हात बसला नव्हता असे म्हणणे कठीण आहे.) दुखण्याची मुख्य मोजपट्टी या चाचणीसाठीच बनवलेली होती. आपल्या वाचकांना आणखी एक उणीव जाणवेल. प्रत्यक्ष चाचणी चालण्याची आणि जिन्याची. मांडी घालून जेवायला बसणे, उकिडवे बसणे, जमिनीवरून हाताच्या आधाराशिवाय उठणे ही आपल्याकडच्या गुडघ्याची खरी परीक्षा आहे आणि ती तेथे घेतली गेली नव्हती.

आणखी एक दोष मात्र आम्हाला दोष वाटत नाही. खऱ्या शस्त्रक्रियेच्या दोन्ही गटांना पूर्ण भूल दिली होती. लटक्या गटाला फक्त गुंगीचे आणि वेदनाशामक औषध शिरेतून दिले. श्वास त्यांचा तेच घेत होते. प्रयोगाच्या दृष्टीने हा फरक नको होता. तिन्ही गटांत सगळे सारखे हवे, हे आपण आठवीच्या मुलांनाही शिकवतो. पण पूर्ण भुलीत थोडा का होईना जिवाचा धोका असतो, आणि ज्याला शस्त्रक्रियाच करायची नाही त्याला तो धोका पत्करायला लावणे योग्य नव्हते. शिवाय आपल्यावर लटकी शस्त्रक्रिया झाली असा अंदाज करणाऱ्यांचे प्रमाण लटक्या गटात इतरांपेक्षा अधिक नव्हते. म्हणजे गुपित फुटले नाही. आखणी थोडी डागाळली तरी चालेल पण माणसाला विनाकारण धोक्यात घालायचे नाही, हा निर्णय आमच्या मते बरोबर होता.

गोष्टीरूपाने सांगताना सर्वांत आधी काय गळते, तर संमती. ऐकणाऱ्याला वाटते, रुग्णांना फसवले. तसे मुळीच नाही. चाचणीत येणाऱ्या प्रत्येकाला आपल्या रुग्णपत्रिकेत स्वतः लिहून द्यावे लागे की मला कदाचित फक्त लटकी शस्त्रक्रिया मिळेल. तसे झाले तर माझ्या सांध्यावर काहीही केले जाणार नाही. आणि त्या लटक्या शस्त्रक्रियेचा माझ्या गुडघ्याला फायदा होणार नाही. छापील कागदावर खालच्या कोपऱ्यात सही नव्हे, स्वतः लिहायचे. चाचणीस पात्र असलेले रुग्ण होते ३२४. त्यांतल्या १४४ जणांनी, म्हणजे शंभरातल्या चव्वेचाळीस जणांनी, नकार दिला.

नकाराच्या या आकड्याकडे निबंधाच्या टीकाकारांनी उणीव म्हणून पाहिले. एका अर्थी ते बरोबर आहे. तयार झालेले १८० आणि नकार देणारे १४४ यांच्या स्वभावात, दुखण्यात फरक असू शकतो, आणि चाचणीचा निष्कर्ष पहिल्यांचाच आहे. पण आम्ही या आकड्याकडे दुसऱ्या बाजूनेही पाहतो. शंभरातले नव्वद, पंच्याण्णव लोक ‘हो’ म्हणाले असते तर त्यांना नीट समजले होते का, अशी शंका घ्यावी लागली असती. चव्वेचाळीस जण नको म्हणू शकले, याचा अर्थ सांगणाऱ्याने खरे सांगितले, ऐकणाऱ्याला ते कळले आणि नको म्हणण्याची मोकळीक खरी होती. कॉब यांच्या सतरा रुग्णांपाशी ही मोकळीक नव्हती. त्या दृष्टीने १९५९ ते १९९५ या काळात हत्यारांइतकीच संमतीची रीतही सुधारली होती.

आता तात्पर्याकडे. लटक्या गटाला दोन वर्षांत थोडे बरे वाटले असेल, तर ते मनाच्या शक्तीने, हे कशावरून? असे म्हणण्यासाठी चौथा गट हवा होता : ज्यांना काहीच केले नाही, ज्यांचे नुसते दुखणे मोजले. तो गट या चाचणीत नाही. त्यामुळे खरी आणि लटकी शस्त्रक्रिया सारखीच, एवढेच ही चाचणी सांगू शकते. लटकी शस्त्रक्रिया आणि काहीच न करणे यांत फरक किती, यावर ती गप्प आहे.

काहीच न करता दुखणे कमी कसे होईल, असे विद्यार्थी विचारतील. त्यांच्याकडून हा प्रयोग करून घ्या. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाने दोन फासे टाकून बेरीज लिहावी. बेरीज पाच किंवा कमी आली ती मुले ‘आजारी’. अशी साधारण अकरा मुले निघतील आणि त्यांची सरासरी चारच्या आसपास असेल. आता त्यांच्या फाशांवर गुरुजींनी किंवा बाईंनी गंभीर चेहऱ्याने फुंकर मारावी आणि फासे पुन्हा टाकायला सांगावे. सरासरी सातच्या जवळ येईल. फुंकरीने तीन गुणांची सुधारणा! मग नऊ किंवा अधिक बेरीज आलेल्यांनाही फुंकर मारून पाहा. त्यांची सरासरी दहावरून सातावर घसरेल. फुंकर तीच, एका गटाला औषध, दुसऱ्याला विष. फुंकर न मारताही हेच घडते, हे मुले स्वतःच शोधून काढतील. त्यांना ते आधी सांगू नका.

गुडघा म्हणजे फासे नव्हेत, हे उघड आहे. झिजलेली कूर्चा पुन्हा येत नाही. पण दुखणे रोज सारखे नसते. थंडीत, प्रवासानंतर, लग्नकार्यात राबल्यावर ते वाढते, मग ओसरते. माणूस डॉक्टरकडे जातो तो वाढलेल्या दिवसांत, आणि चाचणीत घेतला जातो तोही तेव्हाच. नंतर केव्हाही मोजले तरी आकडा बहुधा खालीच येणार. त्याचे श्रेय मग धुण्याला, खरवडण्याला, तेलाला, काढ्याला, अंगाऱ्याला किंवा मनाच्या शक्तीला, ज्याला हवे त्याला देता येते.

हा चौथा गट पुढे एका चाचणीत आला. गुडघ्याच्या नव्हे, खांद्याच्या. ब्रिटनमधील बत्तीस रुग्णालयांतल्या ३१३ रुग्णांवरची ही चाचणी ‘लॅन्सेट’मध्ये २०१८ साली प्रसिद्ध झाली. एका गटात हाडाचा टोचणारा भाग तासला, दुसऱ्यात फक्त दुर्बीण घालून पाहिले, तिसऱ्यात काहीच केले नाही. सहा महिन्यांनी शून्य ते अठ्ठेचाळीस या मोजपट्टीवर (येथे मोठा आकडा चांगला) तासलेल्यांची सरासरी ३२.७, नुसते पाहिलेल्यांची ३४.२ आणि काहीच न केलेल्यांची २९.४. तासणे आणि पाहणे यांत फरक नाही. काहीच न करण्यापेक्षा दोन्ही गट किंचित पुढे, पण रुग्णाला जाणवावा एवढा तो फरक नाही, असे संशोधकांचे मत. तोही मनाच्या शक्तीचा की नंतर मिळालेल्या व्यायामोपचाराचा, हे सांगता येत नाही. शिवाय बऱ्याच जणांना सहा महिन्यांत ठरलेला उपचार मिळालाच नव्हता. हा त्या चाचणीचा मोठा कच्चेपणा. तरीही ‘अफाट शक्ती’ शोधायला निघालेल्याच्या हाती येथे अठ्ठेचाळीसपैकी फार तर चार-पाच गुण लागतात.

ह्यूस्टनच्या निकालावर गदारोळ झाला, पण तो टिकला. अमेरिकेच्या वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्य विमा योजनेने २००३ साली निर्णय घेतला की केवळ सांध्याच्या झिजेसाठी केलेल्या अशा शस्त्रक्रियेचे पैसे द्यायचे नाहीत. २००८ साली कॅनडातल्या चाचणीत व्यायाम आणि औषधे यांच्या जोडीला शस्त्रक्रिया केल्याने अधिक फायदा झाला नाही. २०१३ साली फिनलंडमध्ये १४६ रुग्णांवर, गुडघ्यातली गादी वयोमानाने फाटलेली असताना ती कापून काढण्याची चाचणी झाली; येथेही लटकी शस्त्रक्रिया होती आणि येथेही वर्षअखेर फरक दिसला नाही. २०१७ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक शिफारशीने अशा झिजलेल्या गुडघ्यांवर दुर्बिणीची शस्त्रक्रिया करू नये असे स्पष्ट म्हटले.

यावरून ‘गुडघ्याच्या सगळ्याच शस्त्रक्रिया थोतांड’ असा दुसरा चुकीचा धडा कोणी घेऊ नये. ताजी दुखापत, अडकलेला गुडघा यांची गोष्ट निराळी. सांधा बदलण्याची शस्त्रक्रियाही निराळी. तिला आपल्याकडे ‘वाट्या बदलणे’ म्हणतात, पण बदलतात ती मुख्यतः मांडीच्या व नडगीच्या हाडांची टोके. २०१५ साली डेन्मार्कमध्ये शंभर रुग्णांवर झालेल्या चाचणीत, व्यायाम आणि इतर उपचारांच्या जोडीला सांधा बदललेल्यांना नुसत्या उपचारांपेक्षा स्पष्टपणे अधिक आराम पडला. गंभीर त्रासही त्यांच्यातच अधिक झाले. नुसत्या उपचारांच्या गटातल्या चौथ्या हिश्शाने वर्षभरात सांधा बदलूनही घेतला. म्हणजे प्रत्येक शस्त्रक्रियेला तिचा-तिचा प्रश्न विचारावा लागतो, आणि तो विचारण्यासाठी दर वेळी नवी माणसे पुढे यावी लागतात.

ती माणसे आता आपल्या गावातही असतात. भारतात वैद्यकीय चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही २००७ साली सुरू झाली आणि ती कोणालाही इंटरनेटवर पाहता येते. संमतिपत्र ज्याला वाचता येत नाही अशा रुग्णासाठी निःपक्षपाती साक्षीदार असावा लागतो. चाचणीशी संबंध नसलेला, वाचता येणारा. गावात कागद वाचून घ्यायला लोक कोणाकडे जातात हे आम्ही शिक्षकांना सांगायला नको. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सहभागी केव्हाही, कारण न देता बाहेर पडू शकतो आणि त्यामुळे त्याच्या नेहमीच्या उपचारात उणे पडता कामा नये. चाचणीमुळे इजा झाली तर विनामूल्य उपचार आणि भरपाई यांचीही त्यांत तरतूद आहे. हे मुद्दे कागदावर आहेत का, ते साक्षीदाराने पाहावे.

पण कागद वाचून दाखवला की साक्षीदाराचे काम संपले, असे नाही. ‘आता तुम्हाला काय करणार आहेत ते मला तुमच्या शब्दांत सांगा,’ असे रुग्णाला विचारावे. ‘चिठ्ठी निघेल तसे होणार, कदाचित मला काहीच मिळणार नाही, आणि नको वाटले तर मी सोडून येऊ शकतो,’ अशा अर्थाचे काही तो म्हणाला तर सही करायला हरकत नाही. ‘डॉक्टरसाहेब माझ्यासाठी जे चांगले तेच करतील’ एवढेच म्हणाला, तर पेन बाजूला ठेवावे आणि डॉक्टरांना पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगायला लावावे.